लिमरिक: व्हिसाच्या अर्जापासून शॅननच्या काठापर्यंत

आपल्याकडून आयर्लंडला जाणारे बहुतेक जण डब्लिन आणि मोहरचे कडे पाहून परततात. लिमरिक त्यांना भेटतं ते वाटेत गाडी बदलायची जागा म्हणून. पण शॅनन ही आयर्लंडची सर्वांत लांब नदी जिथे समुद्राच्या भरतीला भेटते, तिथे व्हायकिंगांनी दहाव्या शतकात वसवलेलं हे शहर निदान दोन रात्री राहून पायी बघावं असं आहे. आम्ही जूनमध्ये गेलो. तयारी मार्चमध्ये सुरू झाली आणि तिच्यातला सगळ्यात धाकधुकीचा भाग व्हिसाचा होता, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पहिली गोष्ट पक्की करून घ्या. आयर्लंड युरोपीय संघात आहे आणि चलनही युरो आहे, पण देश शेंगेनमध्ये नाही. फ्रान्स-जर्मनीचा शेंगेन व्हिसा पासपोर्टवर असला तरी आयर्लंडसाठी वेगळा व्हिसा काढावाच लागतो. पर्यटकांचा ‘सी’ व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा. एकदाच प्रवेशाचा असेल तर शुल्क ६० युरो, अनेकदा प्रवेशाचा १०० युरो. भारतात ते रुपयांत भरायचं, वर अर्ज केंद्राचा सेवा आकार. घरातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही.

वेळेचं गणित असं. प्रवासाच्या तारखेच्या आधी तीन महिन्यांपर्यंतच अर्ज करता येतो, आणि अर्ज व्हिसा कार्यालयात पोचल्यापासून निर्णयाला आठ आठवडे धरायला सांगतात. म्हणजे ५ जूनला निघायचं असेल तर ५ मार्चच्या आधी अर्ज होत नाही, आणि मार्चअखेरीपर्यंत रेंगाळलात तर निर्णय मेच्या शेवटी येईल. हाताशी ढील चार-पाच आठवड्यांचीच. म्हणून कागद फेब्रुवारीत गोळा करून ठेवावेत आणि खिडकी उघडली की त्याच आठवड्यात अर्ज टाकावा.

अर्ज ‘एव्हॅट्स’ नावाच्या सरकारी प्रणालीवर ऑनलाइन भरायचा असतो. शेवटी एक सारांशपत्र निघतं. ते छापून त्यावर सही आणि तारीख घालायची, मग केंद्रात जाऊन कागद, पासपोर्ट आणि बोटांचे ठसे द्यायचे. ऑनलाइन अर्जानंतर ३० दिवसांच्या आत हे सगळं पोचायला हवं. मुंबईत केंद्र आहे, वेळ आधी घ्यावी लागते. दोन फोटोंच्या मागे नाव आणि अर्ज क्रमांक लिहायचा असतो, हे बऱ्याच जणांकडून राहतं.

अर्ज अडकतात ते बहुधा कागद कमी पडले म्हणून नव्हे, तर कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. सगळ्यांत महत्त्वाचं आपलं स्वतःचं पत्र. कशासाठी जातोय, कोणत्या तारखांना, कुठे राहणार, खर्च कोण करणार हे त्यात सरळ लिहावं. शिवाय व्हिसाच्या अटी पाळू, तिथल्या सरकारवर भार होणार नाही आणि मुदत संपण्याआधी देश सोडू, हेही लिहायचं असतं. या पत्रातल्या तारखा, हॉटेलच्या बुकिंगच्या, कार्यालयाच्या रजेच्या पत्रातल्या आणि विम्याच्या तारखा एकच हव्यात. बँकेची सहा महिन्यांची विवरणपत्रं लागतात. त्यात अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसली तर तिचा खुलासा आपणहून जोडावा. आपल्याकडे पैसा मुदत ठेवींत असतो. ती दाखवायची असेल तर मुदतीआधी मोडता येते असं बँकेचं पत्र सोबत हवं, नाहीतर ती रक्कम प्रवासासाठी उपलब्ध आहे हे सिद्ध होत नाही. नोकरदारांनी रजा मंजूर असल्याचं आणि कामावर कोणत्या तारखेला परत रुजू होणार याचं पत्र द्यावं. निवृत्तांनी पेन्शनचे कागद द्यावेत.

मराठीतल्या कागदांचं काय, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या अर्जदाराला हटकून पडतो. सातबारा, केवळ मराठीतला विवाहाचा दाखला किंवा शिधापत्रिका जोडायची असेल तर संपूर्ण इंग्रजी अनुवाद लागतो. अनुवादकाचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि अनुवाद अचूक असल्याचं विधान त्यावर हवं. लग्नानंतर नाव बदललेलं असेल आणि जुने कागद माहेरच्या नावाचे असतील तर विवाहाचा दाखला जोडाच. आणि पूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो लपवू नये. अर्जात तसा थेट प्रश्न आहे. जुना नकार सांगितल्याने अर्ज बुडत नाही, लपवल्याने मात्र बुडतो.

विमानाचं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका असं आयर्लंडचं सरकारच सांगतं. हॉटेलं विनाशुल्क रद्द करता येतील अशीच धरावीत. अर्ज दिल्यानंतरचे आठवडे मनाला जड जातात. करण्यासारखं काही नसतं, पासपोर्ट तिकडे असतो, आणि विमानाचे दर डोळ्यांदेखत वाढत असतात. दरम्यान कामासाठी परदेशी जायची शक्यता असेल तर तो दौरा आधी उरकून मगच अर्ज करावा. नकार आलाच तर कारणं लेखी मिळतात आणि दोन महिन्यांच्या आत विनाशुल्क अपील करता येतं.

व्हिसा आला की त्यावर ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरं आहेत का ते बघा. भारतीयांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची एक संयुक्त योजना आहे. हा शेरा असलेल्या आयरिश व्हिसावर ब्रिटनलाही जाता येतं, पण आधी आयर्लंडमध्ये प्रवेश करून मग. म्हणून पहिल्या खेपेला लंडनमार्गे जाणारं स्वस्त तिकीट घेण्याच्या मोहात पडू नये. मुंबईहून दुबई, अबू धाबी किंवा दोहामार्गे डब्लिन हा सुटसुटीत रस्ता. याच कारणासाठी बेलफास्टची सहलही विचार करूनच आखावी. उत्तर आयर्लंडच्या सीमेवर बस थांबत नाही, कोणी कागद विचारत नाही, पण तो ब्रिटनचा भाग आहे आणि तिथे असण्यासाठी परवानगी लागतेच.

डब्लिन विमानतळावर पासपोर्ट खिडकीशी परतीचं तिकीट, हॉटेलचा पत्ता आणि पैशांची तजवीज यांची विचारणा होऊ शकते. व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, अंतिम निर्णय त्या खिडकीवर होतो. कागद सामानात टाकू नका, छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवा.

विमानतळावर रेल्वे नाही. लिमरिकला थेट कोच आहेत, अडीच ते तीन तासांत पोचवतात, आणि लांबच्या विमानप्रवासानंतर तेच बरं. आगगाडीने जायचं तर बसने ह्यूस्टन स्टेशन गाठावं लागतं. तिकीट ऑनलाइन आधी काढलं तर स्वस्त पडतं. गाडीने दोन-सव्वादोन तास लागतात, पण बहुतेक वेळा लिमरिक जंक्शनला गाडी बदलावी लागते. इथे नवख्या माणसाची फसगत होते. लिमरिक जंक्शन लिमरिकमध्ये नाहीच. ते टिपररी काउंटीत, शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. आपल्याला जायचंय ते कोल्बर्ट स्टेशनला. जंक्शनवर गाडीची वाट बघत असाल तर एक लक्षात असू द्या. जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकल ओड्वायर, ज्याला उधमसिंगांनी १९४० साली लंडनमध्ये गोळी घातली, तो जंक्शनजवळच्याच बॅरनस्टाउनचा. कोल्बर्ट स्टेशनला ज्या कॉन कोल्बर्टचं नाव आहे, त्याला ब्रिटिशांनी १९१६ च्या डब्लिन उठावानंतर गोळ्या घालून मारलं. साम्राज्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेली आयरिश माणसं या छोट्याशा प्रवासात एकामागोमाग एक भेटतात.

शहराची रचना एकदा डोक्यात बसली की नकाशा लागत नाही. शॅननपासून अ‍ॅबी नदी फुटते आणि पुन्हा तिला मिळते. मधलं बेट म्हणजे किंग्ज आयलंड. किल्ला, कॅथीड्रल, जुनी वस्ती सगळं बेटावर. अ‍ॅबी नदी ओलांडून दक्षिणेला आलं की अठराव्या शतकात आखलेलं नवं शहर आणि त्याच्या टोकाला स्टेशन. शॅननच्या पश्चिम काठाला क्लॅन्सी स्ट्रँड नावाचा नदीकाठचा रस्ता.

फिरण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघून घ्या, हे आम्ही मुद्दाम सांगतो. समुद्र साठ-सत्तर मैल दूर आहे, तरी इथे नदी भरतीने फुगते आणि ओहोटीने उतरते. मोठ्या उधाणाला हा फरक पाच मीटरांच्या वर जातो. किल्ल्यासमोर करागावर नावाची खडकाळ जागा आहे. भरतीला तिथे संथ, रुंद पाणी दिसतं. ओहोटीला तेच पाणी खडकांवरून पांढरं होऊन खळाळतं, कयाकवाले तिथे खेळायला येतात. दोन्ही रूपं बघायला हवीत, आणि त्यांत साधारण सहा तासांचं अंतर असतं. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. कालनिर्णय बघून लिमरिकचे दिवस ठरवता येतात. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते.

पहिल्या दिवशी पश्चिम काठापासून सुरुवात करावी. थॉमंड पुलाच्या टोकाशी चौथऱ्यावर एक ओबडधोबड चुनखडीचा दगड ठेवलेला आहे, तो तहाचा दगड. चौथरा १८६५ चा, त्याआधी दगड रस्त्याकडेलाच होता. या दगडावर ३ ऑक्टोबर १६९१ ला लिमरिकच्या तहावर सह्या झाल्या असं परंपरा सांगते. आधीच्या वर्षी इंग्लंडच्या विल्यम राजाचा वेढा शहराने परतवला होता. आयरिश सेनानी पॅट्रिक सार्सफील्डने रात्री मागून घोडदौड करत जाऊन बॅलिनीटीला वेढ्याच्या तोफा आणि दारूगोळा उडवून दिला होता. १६९१ चा वेढा मात्र तहाने संपला. सार्सफील्ड हजारो सैनिकांसह फ्रान्सला गेला. मागे राहिलेल्या कॅथलिकांना धर्म आणि मालमत्तेची जी हमी दिली होती, ती पुढच्या काही वर्षांतच मोडली गेली. मोडलेल्या तहाचं शहर ही ओळख लिमरिकला तेव्हापासून चिकटली. दगड बघायला पाच मिनिटं लागतात, पण त्याच्याशेजारी उभं राहून पलीकडचा किल्ला बघितला की दोन्हींची सांगड लागते.

फोटोसाठी एक सूचना. किल्ल्याची नदीकडची बाजू पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी या काठावरून फोटो काढला तर सूर्य समोर येतो आणि भिंती काळ्या पडतात. दुपारनंतर त्याच भिंती उजळतात. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवण उरकूनही निवांत येता येतं. डिसेंबरात मात्र साडेचारच्या आतच मावळतो.

किंग जॉनचा किल्ला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. तिकिटासाठी माणशी १५ युरो धरून ठेवा, ऑनलाइन घेतलं तर थोडं कमी लागतं. बंद व्हायच्या तासभर आधी आत सोडणं थांबवतात. दोन तास हवेत. वरच्या मजल्यावरच्या पडद्यांत आणि पोशाखांत मुलं रमतात, पण खरी चीज तळात आहे. इमारतीखालच्या उत्खननात व्हायकिंग काळातल्या घरांचे अवशेष आहेत, आणि त्यांच्याशेजारी १६४२ च्या वेढ्यातले सुरुंगाचे बोगदे. बाहेरून वेढा घातलेले आयरिश सैनिक भिंतीखाली बोगदा खणत, त्याला लाकडी टेकू देत आणि मग टेकूंना आग लावत. टेकू जळाले की वरची भिंत खचायची. आतले लोक ती खणणी ऐकून उलटा बोगदा खणत. मातीत रुतलेले ते बोगदे बघताना वेढा म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा स्पष्ट कळतं. घाईत असाल तर प्रदर्शन सोडा, तळ सोडू नका. नंतर बुरुजावर चढा. जिने अरुंद आणि गोल आहेत, ओल्या दिवशी पायरी बघून पाऊल टाका.

किल्ल्यातून निघून निकोलस स्ट्रीटने दक्षिणेला पाच मिनिटं चाललं की सेंट मेरीज कॅथीड्रल. थॉमंडचा राजा डोनल मोर ओब्रायन याने ११६८ मध्ये आपल्या राजवाड्याच्या जागेवर ते उभारलं. पश्चिमेचं मोठं दार त्या राजवाड्याचंच असावं असं मानतात. प्रवेशाला ५ युरोंच्या आसपास लागतात. प्रार्थना चालू असताना पर्यटकांना आत घेत नाहीत, म्हणून रविवार टाळलेला बरा. इथली पंधराव्या शतकातली मिझेरिकॉर्ड्स चुकवू नका. प्रार्थना तासन् तास उभ्याने म्हणायची, त्यामुळे घडीच्या बैठकीखाली एक छोटा टेकू कोरलेला असायचा. बैठक उचलली की तो वर येई आणि उभं असल्यासारखं दिसत टेकता येई. आयर्लंडमध्ये एवढीच उरली आहेत. काळ्या पडलेल्या ओक लाकडात माना गुंतवलेली हरणं, स्वतःची शेपटी चावणारा ड्रॅगन, दोनच पायांचा एकशिंगी बोकड असं काय काय आहे. उजेड मंद असतो, मोबाइलचा दिवा भिंतीकडे वळवून बघावं. १६९१ च्या वेढ्यातले तोफगोळेही आत ठेवले आहेत.

अ‍ॅबी नदीवरचा सिल्व्हेस्टर ओहॅलोरन यांच्या नावाचा पादचारी पूल ओलांडला की जुन्या कस्टम हाउसमधलं हंट संग्रहालय. इमारत १७६० च्या दशकातली, डेव्हिस डुकार्टची. जॉन आणि गर्ट्रूड हंट या जोडप्याने जमवलेल्या सुमारे दोन हजार वस्तू इथे आहेत. नवव्या शतकातला अँट्रिमचा क्रूस आणि येशूला विकलेल्या तीस नाण्यांपैकी एक म्हणून शतकानुशतकं मानलं गेलेलं सिराक्यूजचं ग्रीक नाणं यांच्यासाठी तरी जावं. कपाटांचे खण ओढून बघायची मुभा आहे. बरेच जण ते उघडतच नाहीत आणि निम्मा संग्रह न बघता निघतात.

नवं शहर, न्यूटाउन पेरी, भराभर बघून होतं. सरळ कापलेले रस्ते, लाल विटांची चार मजली घरं, दारांवर पंख्याच्या आकाराची तावदानं. पेरी स्क्वेअर आणि पीपल्स पार्कभोवती ती नीट जपली आहेत, तिथल्या कार्नेगी इमारतीतलं महापालिकेचं कलादालन मोफत आहे. या रस्त्यांवरून चालताना एप्रिल १९१९ आठवावा. ब्रिटिशांनी शहर लष्करी क्षेत्र जाहीर केलं आणि पूल ओलांडून कामावर जाणाऱ्या कामगारांनाही परवाना दाखवायला लावला. त्याविरुद्ध शहराच्या कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप केला, खाद्यपदार्थांचे भाव ठरवले, स्वतःच्या नोटा छापल्या आणि दोन आठवडे शहर चालवलं. लिमरिक सोव्हिएत म्हणतात ते हेच. त्याच महिन्यात, १३ तारखेला, अमृतसरला गोळीबार झाला होता.

शनिवार हाती लागेल असाच बेत करा, कारण मिल्क मार्केटचा मुख्य बाजार शनिवारी सकाळी भरतो. दहाच्या आत जावं, नंतर रांगा वाढतात. शाकाहारी माणसाला इथे सोडा ब्रेड, चीज, फलाफल, क्रेप्स असं पोटभर मिळतं. एरवी उपाहारगृहात ‘भाज्यांचं सूप’ लिहिलेलं असलं तरी ते कोंबडीच्या अर्कात शिजवलेलं असू शकतं. तेव्हा विचारूनच मागवा, लोक न कंटाळता सांगतात.

पैशांच्या बारीकसारीक गोष्टी. कार्ड सगळीकडे चालतं. रोखीने दिलं तर बेरीज जवळच्या पाच सेंटला पूर्ण करतात. प्लास्टिकच्या बाटलीतल्या पेयांवर फेब्रुवारी २०२४ पासून अनामत लागते, अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट, त्यापुढे २५. रिकामी बाटली न चेपता सुपरमार्केटच्या यंत्रात घातली की पावती मिळते, ती त्याच दुकानात वटवायची. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, तेव्हा घरची बाटली नेली की हा व्याप वाचतो. प्लगला चौकोनी तीन पिना लागतात, व्होल्टेज आपल्याएवढंच, फक्त अडॅप्टर हवा. छत्री नेऊ नका, पश्चिमेचा वारा ती उलटी करतो. टोपीचं जलरोधक जाकीट न्या. शहर बसला लीप कार्डने, म्हणजे आगाऊ पैसे भरलेल्या प्रवासाच्या कार्डाने, भाडं कमी पडतं.

मेच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला जोडून शहरात रिव्हरफेस्ट असतो, तेव्हा खोल्या मिळत नाहीत. जूनचा पहिला सोमवारही सुट्टीचा. खोली स्टेशन आणि नदी यांच्या मध्ये घेतली तर सगळं पंधरा-वीस मिनिटांच्या चालीत येतं.

तिसरा दिवस असेल तर ३४३ क्रमांकाच्या बसने पंधराव्या शतकातला बनरॅटी किल्ला बघावा. तीच बस पुढे शॅनन विमानतळाला जाते. ऊन पडलं असेल तर त्याऐवजी कालव्याच्या काठाने विद्यापीठापर्यंत चाला, वाट सपाट आहे. परतीचं विमान डब्लिनहून सकाळचं असेल तर आदल्या रात्रीच डब्लिन गाठा किंवा पहाटेचा थेट कोच आधी आरक्षित करा, कारण पहिल्या गाडीने ह्यूस्टनला पोचून पुन्हा बसने विमानतळ गाठेपर्यंत सामान द्यायची खिडकी बंद झालेली असू शकते.